'डिस्कव्हरी'ला पहिल्यांदा शिव्याच पडल्या होत्या, त्यातल्या काही माझ्या

मा. संपादक, रविवार पुरवणी,

स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत डाफ्ट पंक या फ्रेंच इलेक्ट्रॉनिक संगीतवाल्या जोडीवरचा लेख वाचला. मराठी पेपरात या दोघांवर अर्धं पान येईल असं २००१ साली मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं, त्यामुळे आधी आभार. लेख चांगलाय, फोटोही झकास छापलाय. पण मधे एक वाक्य आहे की 'डिस्कव्हरी' हा त्यांचा दुसरा अल्बम आला आणि चाहत्यांनी तो लगेच डोक्यावर घेतला. तिथे मी पेपर खाली ठेवला. कारण साहेब, मी होतो की तिथे. म्हणजे पॅरिसला नव्हतो, डोंबिवली पूर्वेला होतो, पण चाहता होतो, चांगला कट्टर होतो, आणि मी काही तो डोक्याबिक्यावर घेतला नव्हता. पंधरा दिवसांत सीडी दुसऱ्याच्या गळ्यात मारून मोकळा झालो होतो. आणि असा मी एकटा नव्हतो, जगभर पहिल्या अल्बमच्या चाहत्यांपैकी बऱ्याच जणांनी तेव्हा नाकं मुरडली होती, आता पंचवीस वर्षांनी सगळेच म्हणतायत की आम्हाला पहिल्या दिवसापासून आवडलेला. हे जरा लिहून ठेवावं म्हणून हा पत्रप्रपंच. लांबलं तर कात्री तुमच्याकडे आहेच.

राग कशाचा होता हे कळायला आधी पहिला अल्बम माहीत पाहिजे. 'होमवर्क' आला जानेवारी १९९७ मध्ये. नाव होमवर्क, कारण तो खरोखरच घरी केलेला, थोमा बांगाल्तेरच्या बेडरूममध्ये. थोमा आणि त्याचा शाळेतला मित्र गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्तो (हे आडनाव मी पंचवीस वर्षं चुकीचंच म्हणत आलोय, आता सुधारायचं वय गेलं), दोघंही तेव्हा बावीस-तेवीसचे. त्याआधी तिसऱ्या एका मित्राला घेऊन त्यांनी डार्लिन नावाचा गिटारवाला बँड काढला होता, 'मेलडी मेकर' या इंग्लिश साप्ताहिकाने त्यांच्या गाण्यांना 'डाफ्ट पंकी' असं काहीतरी म्हणून हिणवलं, तर यांनी तीच शिवी नाव म्हणून लावून घेतली. तो तिसरा मित्र पुढे फिनिक्स बँडमध्ये गेला. असो.

तर होमवर्क. काय होतं त्यात? खरखर. 'रोलिन अँड स्क्रॅचिन' ऐका, मिक्सरमध्ये सुकं खोबरं टाकून झाकण न लावता बटण दाबावं तसा आवाज सात-साडेसात मिनिटं. 'अराउंड द वर्ल्ड'मध्ये तेच तीन शब्द शंभरवर वेळा, बाकी गाण्यात एक शब्द नाही. 'दा फंक'च्या व्हिडिओत कुत्र्याचं डोकं असलेला माणूस न्यूयॉर्कच्या रस्त्यावर टेप घेऊन लंगडत फिरतो. आम्हाला हे सगळं भयंकर आवडायचं, आणि खरं सांगू का, घरच्यांना आवडत नाही म्हणून जास्त आवडायचं. माझ्याकडे होमवर्क होता तो नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर टेप केलेला. अल्बम साधारण पाऊण तास आणि अर्धा तास असा दोन बाजूंना बसायचा, बी साइडला शेवटी जागा उरायची आणि तिथे टेप करून देणाऱ्याने आपल्या मनाने रहमान भरलेला. आजही होमवर्कचं शेवटचं गाणं संपलं की माझ्या डोक्यात आपोआप रहमान चालू होतो, त्याला इलाज नाही.

त्या कॅसेटवर आम्ही चार वर्षं काढली. चौघं होतो. एकाला इथे ताशावाला म्हणतो, शाळेत तो लेझीम पथकात ताशा वाजवायचा आणि ठेक्याच्या बाबतीत त्याचा शब्द आमच्यात शेवटचा.

'वन मोअर टाइम' नोव्हेंबर २००० मध्ये सिंगल म्हणून आलं. टीव्हीवर रात्री उशिरा त्याचा व्हिडिओ लागायचा, निळ्या कातडीचा कार्टून बँड. आम्ही म्हटलं एखादं गाणं असं करतात लोक, पैशासाठी, अल्बम येऊ दे. मार्च २००१ मध्ये अल्बम आला. आत्येभाऊ तेव्हा लंडनला प्रोजेक्टवर होता, त्याला मेल टाकून सीडी सांगितली, तो जूनमध्ये घेऊन आला. काळं कव्हर, त्यावर वितळलेल्या स्टीलसारखं चकाकणारं नाव, आणि आत एक कार्ड, क्लबाच्या मेंबरशिपचं असतं तसं, त्यावर नंबर. त्या नंबराने इंटरनेटवर त्यांच्या 'डाफ्ट क्लब'मध्ये शिरायचं आणि तिथे जास्तीची गाणी मिळायची. २००१ मध्ये ही कल्पना! आमच्याकडे डायल-अप, एक गाणं उतरवायला अर्धी रात्र आणि तेवढा वेळ फोन एंगेज, त्यात आजी गावाला आजारी म्हणून फोन मोकळा ठेवायचा दंडक, त्यामुळे मी त्या क्लबात नुसता दारापर्यंत जाऊन आलो. कार्ड मात्र पाकिटात ठेवलं, भाव मारायला.

ताशावाल्याच्या गच्चीवरच्या खोलीत सीडी लावली. बाहेर पाऊस, पत्र्यावर असा वाजतोय की आवाज पूर्ण वाढवायला लागला. पहिलं गाणं माहितीचंच होतं पण टीव्हीवर ते कापून दाखवायचे, पूर्ण पहिल्यांदाच ऐकत होतो. आता ज्यांनी ते ऐकलंय त्यांना माहितीय, मधे ढोल बंद होतो. म्हणजे तो खालचा धम धम ठोका पूर्ण गायब, आणि दीड-दोन मिनिटं नुसता तो माणूस मशीनमधून गातोय, मागे मऊ मऊ सूर. ताशावाला उठून उभा राहिला. म्हणाला, "अरे मिरवणुकीत मधेच ढोल थांबवलास तर लोक तुला खांद्यावर घेतील का गटारात टाकतील?" दुसऱ्या गाण्यात देवळातल्यासारखी घंटा वाजते आणि मग अचानक ८० च्या दशकातली हेवी मेटलची गिटार, बोटं तारांवर नाचवत. एकजण म्हणाला सीडी बदलली का रे. तिसरं 'डिजिटल लव्ह', स्वप्नात तुझ्याबरोबर नाचत होतो वगैरे, चाल इतकी गोड की आम्ही चौघं एकमेकांकडे बघायचंच टाळलं. आणि शेवटी 'टू लाँग', नावच सांगतंय, बरोब्बर दहा मिनिटं. ते चालू असताना आम्ही खाली जाऊन वडापाव घेऊन आलो, पाऊस होता म्हणून तिथे जरा थांबलोही, वर आलो तरी गाणं चालूच.

निकाल ताशावाल्यानेच दिला. "हे लग्नातलंय. संगीताला लावतात ते." आम्ही तिघांनी माना हलवल्या. मी सगळ्यात जास्त, कारण सीडी माझी होती आणि शरम माझी होती.

आता हे डोंबिवलीतलं झालं, पण तिकडे युरोप-अमेरिकेतही पहिल्या अल्बमवाल्यांची ओरड थोड्याफार फरकाने हीच होती. ओरड तीन गोष्टींची. एक, तो मशीनमधला आवाज. ऑटोट्यून, म्हणजे गायकाचा सूर यंत्राने बदलायचा, हा प्रकार १९९८ मध्ये शेर या गायिकेच्या 'बिलीव्ह'मुळे सगळ्यांना माहीत झाला होता, आणि तो म्हणजे चीप पॉप असं हाउस म्युझिकवाल्यांचं (क्लबात नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत ते) ठरलं होतं, आणि हे दोघं तोच वापरून बसले. थोमाने मुलाखतीत त्यावर उत्तर दिलं की ७० च्या दशकात फ्रान्समध्ये सिंथेसायझरवर बंदी आणायला निघाले होते वादक, तसलंच हे. दोन, ती गिटार, क्लबमध्ये जाणाऱ्या माणसाला गिटार सोलो म्हणजे काकांच्या पिढीचं दुखणं. आणि तीन, हेल्मेटं. होमवर्कच्या वेळी ते नुसते मुखवटे घालून लपायचे, आता एकदम रोबोट झाले. वर गोष्ट काय सांगायचे तर ९ सप्टेंबर १९९९ ला सकाळी ९ वाजून ९ मिनिटांनी स्टुडिओत सॅम्पलरचा (आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्राचा) स्फोट झाला आणि शुद्धीवर आलो तेव्हा आम्ही रोबोट होतो. पहिल्या अल्बमच्या माणसाला हे पचायचं कसं? तो अंधाऱ्या तळघरात घाम गाळत नाचणारा माणूस.

पिचफोर्क म्हणून अमेरिकन संगीत साइट आहे, तिने २००१ मध्ये या अल्बमला दहापैकी ६.४ दिले. म्हणजे डिस्टिंक्शन नाहीच, फर्स्ट क्लास कसाबसा. आणि त्याच साइटने २०२१ मध्ये आपले जुने मार्क तपासून दहापैकी दहा केले. आपल्याकडे पेपर रीचेकिंगला टाकला तर दोन-चार मार्क वाढतात, इथे वीस वर्षांनी थेट आउट ऑफ! मला दहाही पटत नाहीत बरं का. 'हाय लाइफ' गाणं काढा आणि टू लाँग अर्धं करा, मग मी साडेनऊ देतो.

पण एक गोष्ट मला फार नंतर कळली आणि ती तुमच्या लेखातही नाही, म्हणून सांगतो. होमवर्कमध्ये 'टीचर्स' नावाचं गाणं आहे. गाणं कसलं, नुसती यादी, एकामागून एक नावं घेत जातात, ज्यांच्याकडून शिकलो ते हे. आपल्याकडे गवई गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो ना, तसं तीन मिनिटं कान पकडून उभं राहणं आहे ते. आम्हाला ते तोंडपाठ होतं, अर्थ न कळता पाठ, परवच्यासारखं. आता त्या यादीत नावं बघा: रोमँथनी, टॉड एडवर्ड्स, डीजे स्नीक. आणि डिस्कव्हरीत कोण आहे? वन मोअर टाइम आणि ते लांबलेलं टू लाँग गाणारा रोमँथनी. 'फेस टू फेस' गाणारा आणि त्यांच्याबरोबर बसून बांधणारा टॉड एडवर्ड्स. डिजिटल लव्हच्या शब्दांत हात आहे डीजे स्नीकचा. म्हणजे आम्ही ज्याला विकले गेले, पॉप झाले, गद्दारी केली म्हणत होतो, त्यात त्यांनी आपल्या गुरूंनाच घरी बोलावून गायला बसवलं होतं! आणि त्याच यादीत ब्रायन विल्सनचंही नाव आहे, बीच बॉइजवाला, म्हणजे पॉपचा बाप माणूस. पॉप कुठून आलं म्हणून आम्ही बोंबलत होतो, ते पहिल्या अल्बमपासून घरातच होतं, आम्हीच चार वर्षं रोज त्याचं नाव घेत होतो.

त्यात १९९८ मध्ये स्टारडस्टचं 'म्युझिक साउंड्स बेटर विथ यू' येऊन गेलेलं, त्यात थोमाचाही हात होता, ते काय खरखरीत होतं? अजिबात नाही, मधासारखं होतं. त्यावर आम्ही नाचलोही होतो. पण ते डाफ्ट पंकच्या नावावर नव्हतं म्हणून चालून गेलं. चाहत्याचं डोकं असंच असतं, हॉटेलात खाल्लं तर चालतं, घरी शिजवलं की विटाळ.

आता खरी गोची सांगतो. थोमाचे वडील डॅनियल वाँगार्ड, त्यांनी ७० आणि ८० च्या काळात डिस्को गाणी लिहिली आणि काढली. ओटावानचं 'डी.आय.एस.सी.ओ.' हे त्यांचं. हो हो, तेच, डी म्हणजे अमुक, आय म्हणजे तमुक. ते गाणं आमच्या चाळीच्या गणपतीत दरवर्षी लागायचं, आरतीच्या आधी पोरांचे डान्स व्हायचे त्यात, आणि तिसरीत असताना मी त्यावर चमकीचा शर्ट घालून नाचलोय, फोटो आहे, आई अजून पाहुण्यांना दाखवते. बावीस वर्षांचा झालो तेव्हा तो फोटो मी अल्बममधून काढून कपाटात दडवला होता. मला डिस्को आवडत नाही, मला होमवर्क आवडतो, मी सिरियस माणूस आहे. आणि इथे हे दोघं उघड उघड सांगत होते की हा अल्बम आमच्या लहानपणावर आहे, १९७५ ते ८५ मधलं जे काही कानावर पडलं त्याच्यावर, तेव्हा हे भारी आणि ते फालतू असा हिशेब आपण करत नव्हतो. नाव डिस्कव्हरी, त्यातच डिस्को आणि व्हेरी, उलटंसुलटं करा. अकराव्या गाण्याचं नाव 'व्हेरिडिस क्वो', लॅटिन वाटतं ना? जोरात म्हणा, व्हेरी डिस्को. आम्ही लॅटिनच समजत होतो.

म्हणून मला आता वाटतं की आमच्या शिव्यांमध्ये नावड थोडी आणि लाज जास्त होती. चौघांत बसून आवडलं म्हणायची लाज. गोड चाल लागली की मान आपोआप हलते, ती शेजारच्याने बघू नये म्हणून तोंडाने 'काय हे' म्हणायचं. हे माझं मत, सगळ्यांचं तसं असेल असं नाही. काही जणांना खरंच नाही आवडला आणि त्यांचं ऐकणंही चुकीचं नव्हतं, गिटार होतीच, ठोका गायब होताच, गोडवा होताच. ज्याला तळघरातला घाम पाहिजे होता त्याला सरबत दिलं तर तो सरबताची तारीफ का करेल?

सॅम्पलवरूनही, म्हणजे जुन्या गाण्यांतून उचललेल्या तुकड्यांवरूनही, नंतर एक लाट आली. लोकांना हळूहळू कळत गेलं की 'हार्डर, बेटर, फास्टर, स्ट्राँगर'ची मूळ लकेर एडविन बर्डसाँगच्या १९७९ च्या गाण्यातली, डिजिटल लव्हची जॉर्ज ड्यूकची, 'सुपरहीरोज'ची बॅरी मॅनिलोची, मग पुन्हा ओरड, चोर चोर. या तिघांची नावं अल्बमवर छापलेली होती पण कव्हरवरचं बारीक अक्षर कोण वाचतंय. आपल्याकडे एकच बंदिश दहा गवई गातात तेव्हा पाहायचं असतं ते कोणी कशी मांडली, मूळ कोणाची यावरून भांडण नसतं. यावर जास्त लिहीत नाही, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.

सिनेमाबद्दल मात्र लिहिणार, तुम्ही त्याला एका ओळीत उडवलंय. 'इंटरस्टेला ५५५५', २००३ चा. यांनी अख्खा अल्बम उचलून जपानला नेला, लेजी मात्सुमोतोकडे. लहानपणी फ्रेंच टीव्हीवर त्याचं अंतराळातल्या चाच्याचं कार्टून बघून दोघं वाढलेले, तर थेट त्याच्याकडेच गेले आणि तोएई कंपनीने सिनेमा काढला. संवाद जवळपास नाहीतच, डिस्कव्हरीची चौदाच्या चौदा गाणी सलग आणि वर चित्रं. गोष्ट अशी की दूर एका ग्रहावर निळ्या माणसांचा चौघांचा बँड वाजवतोय, त्यांना पृथ्वीवरचा एक दुष्ट मॅनेजर पळवतो, रंग फासून माणसांसारखं बनवतो, आठवणी पुसतो आणि पॉप बँड म्हणून विकतो. ते हिट होतात, सही घ्यायला रांगा लागतात, सहीसाठी बसलेली ती पोरं डोळे उघडे ठेवून झोपल्यासारखी, हार्डर बेटरच्या ठेक्यावर मशीनवर घातलेली. पॉप झाले म्हणून ज्यांनी शिव्या दिल्या ना, त्यांना हे उत्तर होतं असं मी म्हणत नाही, पण बघताना मी जरा सावरून बसलो.

आणि त्यांना सोडवायला कोण येतं? पोलिस नाही, सैन्य नाही, एक फॅन. शेप नावाचा, गिटारच्या आकाराच्या यानातून एकटा हिंडणारा, बँडमधल्या स्टेलावर मनातल्या मनात जीव लावून बसलेला. डिजिटल लव्ह हे गाणं सिनेमात त्याच्या स्वप्नाचं आहे. त्या गाण्याला आम्ही गच्चीत बसून एकमेकांकडे बघत नव्हतो ते गाणं! तो येतो, सोडवतो, गोळी खातो आणि मरतो. एका मोठ्या झाडाखाली त्याला पुरतात. चौदा गाण्यांचा हिरो म्हणजे एक चाहता, जो अर्ध्यात मरतो आणि बँड पुढे जातो. हे मी पहिल्यांदा पाहिलं २००५ मध्ये, भाड्याच्या डीव्हीडीवर, ऑफिसातून आल्यावर एकटाच, आणि 'समथिंग अबाउट अस'ला माझे डोळे भरून आले. सव्वीस वर्षांचा घोडा. कोणी बघायला नव्हतं हे बरं, किंवा त्यामुळेच आले असतील.

त्याच २००५ ला तिसरा अल्बम आला, 'ह्यूमन आफ्टर ऑल'. घाईत केलेला, साधारण सहा आठवड्यांत, कोरडा, पुन्हा खरखरीत. म्हणजे आम्ही २००१ मध्ये जे मागत होतो ते. तर चाहते काय म्हणाले माहितीये? छे, यात डिस्कव्हरीची मजा नाही! हे वाचून मी खुर्चीत हसत सुटलो होतो. चार वर्षांत जावई बदलला, तक्रार तीच.

मग २००६ मध्ये अमेरिकेत कोचेला महोत्सवात ते पिरॅमिडमध्ये बसून वाजवायला लागले आणि पुढच्या वर्षी जगभर फिरले, त्यातला पॅरिसच्या बेर्सीचा १४ जून २००७ चा कार्यक्रम रेकॉर्ड होऊन आला, 'अलाइव्ह २००७'. त्यात त्यांनी काय केलं तर पहिल्या अल्बमचं अराउंड द वर्ल्ड आणि दुसऱ्या अल्बमचं हार्डर बेटर एकावर एक ठेवून वाजवलं. दोन्ही एकाच वेळी. एक गाणं दुसऱ्यात असं बसतं की जणू दोघांचं माप आधीच घेतलं होतं. सहा वर्षं चाहते भांडतायत की पहिला खरा का दुसरा खरा, आणि यांनी दोघांना एका ताटात बसवलं. त्यासाठी पुढे ग्रॅमीही मिळालं. गर्दीचा आवाज ऐका त्या रेकॉर्डिंगमध्ये, आपल्याकडे संगीत नाटकात वन्स मोअर पडायचा ना तसा, फक्त इथे गाण्याचं नावही तेच. ज्या वर्षी हे चाललं होतं त्याच वर्षी कान्ये वेस्ट या अमेरिकन रॅपरने हार्डर बेटर उचलून 'स्ट्राँगर' केलं आणि मग कॉलेजातल्या पोरांना वाटायला लागलं की मूळ गाणं तेच.

हे फक्त यांचंच झालं असंही नाही. एअर म्हणून व्हर्सायची जोडी आहे, त्यांचा 'मून सफारी' १९९८ चा, सोफ्यावर पडून ऐकायचा, आणि २००१ मध्येच त्यांनी पुढचा '१०,००० हर्ट्झ लेजंड' काढला तो विचित्र, थंड, रोबोटी, तेव्हा सोफ्यावरची माणसं दचकून उठली. जस्टिस या दुसऱ्या फ्रेंच जोडीचं तेच, २००७ ला पहिल्या अल्बममध्ये कान फाडले आणि २०११ ला दुसऱ्यात ७० च्या दशकातला रॉक. एकूण फ्रेंच लोकांचा दुसरा अल्बम म्हणजे आपल्याकडे लग्नानंतरची पहिली दिवाळी, कोणीतरी रुसणारच.

२२ फेब्रुवारी २०२१ ला त्यांनी एक व्हिडिओ टाकून बँड संपल्याचं जाहीर केलं. त्या दिवशी माझ्या फोनवर स्टेटसचा पूर आला. सगळे डिस्कव्हरीचे. आणि सगळ्यात वर कोण? ताशावाला. वन मोअर टाइम, खाली दोन बदाम आणि 'आमची जवानी'. मी तिथल्या तिथे फोन लावला. म्हटलं, "काय रे, लग्नातलं ना हे? गटारात टाकणार होतास ना?" तो हसायला लागला. म्हणाला, "अरे तेव्हा पाऊस होता, नीट ऐकूच आलं नाही."

तर साहेब, ते एक वाक्य दुरुस्त करा एवढीच विनंती. आणि लागलंच तर आणखी दोन. फोटोखाली 'वन मोअर टाइम गाणारा रोबोट' असं छापलंय, गाणारा रोबोट नव्हता, न्यू जर्सीचा माणूस होता, रोमँथनी, २०१३ मध्ये वारला, त्याचं नाव यायला हवं. आणि इंटरस्टेला हा डिस्कव्हरीचा 'प्रमोशनल व्हिडिओ' नाही, तासाभराचा सिनेमा आहे, २००३ मध्ये फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात दाखवलाय.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली (पूर्व)

ता.क. सीडी मी कोणाच्या गळ्यात मारली ते सांगायचं राहिलं. ताशावाल्याच्याच. त्याने "बाइकला मागे रिफ्लेक्टर म्हणून लावतो" म्हणत मागून घेतली होती, बदल्यात मला जर्मन टेक्नोची एक कॅसेट दिली, ती दोनदा ऐकून टेपमध्ये अडकली. त्या फोनवर मी सीडीचं विचारलं. आहे म्हणाला, डबीला चीर गेलीये, पण वाजते, दोन नंबरच्या गाण्यावर जरा अडकते, घंटा तीनदा जास्त वाजते. म्हटलं परत दे. म्हणाला, कार्ड आण आणि घेऊन जा. कार्ड माझ्या पाकिटात आहे, कोपरे झिजलेत, नंबर अजून वाचता येतो. तो क्लब २००३ मध्येच बंद झाला. अजून जाणं झालेलं नाही.